पांढऱ्या लेबलची बारा इंची: किक कुठे पडत नाही, ते ऐका

ही बारा इंचांची ग्रामोफोन तबकडी. लेबल कोरं पांढरं, त्यावर निळ्या शाईचा रबरी शिक्का, बाहेर मधोमध भोक असलेलं काळं पाकीट. कलाकाराचं नाव नाही, ट्रॅकची नावं नाहीत, वेगही छापलेला नाही. हाउस आणि गॅरेज या नृत्यसंगीताच्या शैली वाजवणाऱ्यांना अशा व्हाइट लेबलची, म्हणजे बिननावाच्या तबकड्यांची, सवय असते. म्हणून इथेही ट्रॅकना ए, बी-१ आणि बी-२ एवढंच म्हटलं आहे. तीन ट्रॅक, मिळून साडेअठरा मिनिटं. घ्यावी का? जरूर घ्यावी. ए बाजूसाठी घ्यावी आणि बी-१साठी तर नक्कीच. बी-२ ही या तबकडीवरची सर्वांत चांगली रचना आहे, आणि नेमकी तीच सर्वांत वाईट जागी कापली, म्हणजे खोबणीत कोरली आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

आधी वेगाचं सांगायला हवं, कारण पहिली चूक तिथेच होते. ए बाजू मिनिटाला ४५ फेऱ्यांवर आहे, बी बाजू ३३⅓वर. ए बाजू चुकून ३३वर लागली तर १२६ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२६ मात्रांचा, ट्रॅक ९३वर येतो. गायिकेचा आवाज जड, पुरुषी होतो आणि ऑर्गन चिखलात रुतल्यासारखा ऐकू येतो. ते काही अगदीच वाईट वाटत नाही, त्यामुळे चूक लक्षात न येताच ट्रॅक संपू शकतो. बी-१ ४५वर गेला तर १३१चे १७७ होतात आणि जंगल नावाचं वेगवान नृत्यसंगीत वाजतंय की काय असं वाटतं. शिक्का फक्त ए बाजूला आहे. तो पुसट असेल तर लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेलं अक्षर दिव्याखाली तिरकं धरून पाहा. पाकिटावर पेन्सिलीने दोन्ही बाजूंचे वेग एकदा लिहून ठेवले की अंधारात घोळ होत नाही.

गॅरेज म्हटलं की आपल्यासमोर गाड्या दुरुस्त करण्याची जागा उभी राहते, आणि संगीताचं हे नाव त्यापासून फार लांब नाही. न्यूयॉर्कमध्ये ८४, किंग स्ट्रीट इथे गाड्या ठेवायच्या इमारतीत पॅराडाइज गॅरेज हा क्लब होता. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं तो चालला आणि लॅरी लेव्हन तिथे रेकॉर्ड लावायचा. शिकागोत त्याच काळात वेअरहाउस या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स वाजवत होता आणि हाउस हे नाव त्या क्लबवरून आलं, असं मानलं जातं. म्हणजे दोन्ही नावं मुळात जागांची. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या गॅरेजमध्ये चर्चच्या गायनाची ऊब जास्त, शिकागोत यंत्राचा ठोका जास्त. नव्वदीत लंडनचे डीजे अमेरिकन गॅरेज रेकॉर्ड पिच, म्हणजे फिरण्याचा वेग, वाढवून वाजवू लागले. वेग वाढवला की आवाजही वर चढतो आणि गायिका लहान मुलीसारखी ऐकू येते. म्हणून ते गाण्याची बाजू सोडून मागची डब बाजू लावायचे. त्यात गाणं कमी, बेस आणि ढोल जास्त. लंडनच्या गॅरेजची घडण या सवयीतून झाली: वेग १३०च्या आसपास, बेस पुढे, आणि गाण्याचे फक्त तुकडे.

ही बारा इंची बरोबर त्या सांध्यावर उभी आहे. हाउस आणि गॅरेज एकत्र करायचं म्हणून हाउसच्या किकवर (मोठ्या ढोलाच्या ठोक्यावर) गॅरेजचा बेस ठेवणारे ट्रॅक पुष्कळ निघतात, आणि त्यांतले बरेचसे दोन्हीकडचे राहत नाहीत. खरा फरक ठेक्यात आहे. हाउसमध्ये किक चारही मात्रांवर पडते, टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, आणि उघडी हायहॅट (झांजांची जोडी) दोन मात्रांच्या मधोमध. टू-स्टेप गॅरेजमध्ये पहिल्या मात्रेवर किक येते, दुसऱ्या-चौथ्यावरची काढून घेतात, आणि पुढची किक अपेक्षित जागेच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे टाकतात. स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ढोल) मात्र दुसऱ्या-चौथ्यावर ठाम. तबल्यात खालीला बायाचा घुमारा थांबतो तेव्हा कान त्या रिकाम्या जागेकडे ओढला जातो, तसंच काहीसं इथे होतं. ती पोकळी बेसलाइन भरते. मिश्रण जमलं की नाही हे या पोकळीवरून कळतं, आणि हा रेकॉर्ड करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे.

ए बाजू ७ मिनिटं १० सेकंदांची, १२६ बीपीएम, सूर ए मायनर. पहिले ३२ बार (एक बार म्हणजे चार मात्रा) निव्वळ ताल आहे, म्हणजे जवळपास ६१ सेकंद. किक सरळ चौपट, म्हणजे चारही मात्रांवर, आखूड आणि कोरडी. हायहॅट मात्र सरळ नाही. बारच्या सोळाव्या भागांतला प्रत्येक दुसरा ठोका थोडा मागे ओढला आहे, अंदाजे ५६ टक्के स्विंग. १२६च्या लयीत हा ठोका जागेपेक्षा १४ मिलिसेकंद उशिरा पडतो. ऐकताना कुणी मोजत नाही, पण सरळ हायहॅटचा एखादा हाउस ट्रॅक याच्याशेजारी लावला तर तो अचानक घड्याळासारखा कडक वाटतो. तेहतिसाव्या बारला ऑर्गन बेस येतो. कॉर्ग एम१ हा १९८८चा कीबोर्ड, त्यातल्या ऑर्गनचा हा ठसकेबाज, पोकळ आवाज हाउस आणि गॅरेज दोघांनीही पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे. इथे तो नवा वाटतो तो स्वरांच्या लांबीमुळे. पहिले दोन स्वर तोडून टाकलेले, तिसरा पुढच्या किकच्या अंगावर सांडेपर्यंत लांबवलेला. तो स्वर संपतो तिथे एक क्षण काहीच वाजत नाही, आणि चौपट किक असूनही पाय गॅरेजसारखे हलतात.

गाण्याचे तुकडे न्यू जर्सीच्या टॉड एडवर्ड्‌सने रूढ केलेल्या पद्धतीने लावलेत: शब्द पुरा होण्याआधीच कापायचा, अक्षरं सुरांसारखी वर-खाली मांडायची, अर्थ निसटला तरी भाव राहू द्यायचा. या पद्धतीत घसरायला जागा भरपूर. तुकड्याच्या सुरुवातीला श्वास राहिला की ठोका बोथट होतो, शेवट फार धारदार कापला की टिचकी ऐकू येते. इथे कापणी स्वच्छ आहे. ३ मिनिटं ३ सेकंदांवर ब्रेकडाउन येतो. किक जाते, ऑर्गन जातो, उरतात नुसते तुकडे आणि त्यांच्यामागे एक लांब स्ट्रिंग कॉर्ड. सोळा बारांनी किक परत येते, पण बेस आणखी आठ बार रोखून धरला आहे. हे रोखणं फार आवडलं. परतीची घाई न केल्यामुळे बेस येतो तेव्हा खोलीचं वजन बदलल्यासारखं होतं.

तबकडीवरच्या खोबणीची कापणीही उत्तम. ४५च्या वेगाला सुरुवातीच्या खोबणीत सुईखालून सेकंदाला सुमारे ६९० मिलिमीटर प्लास्टिक सरकतं. तोच भाग ३३वर कापला असता तर ५१०. जितकं जास्त सरकतं तितके वरचे स्वर मोकळे बसतात. सात मिनिटांचा ट्रॅक केंद्रापासून ७८ मिलिमीटरवर संपवला आहे, म्हणजे आतल्या अडचणीच्या पट्ट्यात तो शिरतच नाही. हायहॅट शेवटपर्यंत तितकीच चमकदार आहे. बेस मधोमध एकवट ठेवला आहे. तो डावा-उजवा पसरलेला असता तर खोबण वर-खाली उड्या मारू लागली असती आणि आवाज वाढवल्यावर सुई निसटली असती.

बी-१ या रेकॉर्डचा खरा जीव. ५ मिनिटं २० सेकंद, १३१ बीपीएम, एफ मायनर, निखळ टू-स्टेप. स्विंग इथे जवळपास ६० टक्के, म्हणजे उशीर २३ मिलिसेकंदांचा. ए बाजूवर जी लकब होती तिची इथे चाल झाली आहे. बेस ऑर्गनऐवजी साधा गोल सब, म्हणजे अगदी खोल बेस. मूळ स्वर ४४ हर्ट्‌झच्या आसपास असल्याने लहान स्पीकरवर हा ट्रॅक अर्धा ऐकूच येत नाही. लॅपटॉपवर ऐकून कुणी त्याला पातळ म्हणत असेल तर त्यांनी थोडं थांबावं. स्नेअरऐवजी लाकडी रिमशॉट (ढोलाच्या कडेवरचा ठोका) आणि टाळी एकत्र बांधली आहे, आणि दर चौथ्या बारला टाळी अगदी नकळत लवकर पडते. हाउस कुठे गेलं, असं वाटेल. ते कॉर्डमध्ये आहे. इलेक्ट्रिक पियानोची दोन कॉर्डची आवर्तनं हाउससारखी न थकता फिरत राहतात आणि ताल त्यांच्याखाली तुटत-जुळत राहतो. वर स्थिर आणि खाली डळमळीत, अशी ही मांडणी फार विचारपूर्वक केली आहे.

आता बी-२. ६ मिनिटं ५ सेकंद, १२८ बीपीएम, पूर्ण गाणं असलेला एकमेव ट्रॅक. सुरुवात चौपट हाउसने होते. अडीच मिनिटांवर, बरोबर ऐंशी बार झाल्यावर, दुसरी आणि चौथी किक गळून पडते. बाकी काहीच बदलत नाही. गायिका तीच ओळ गात राहते, कॉर्ड त्याच, हायहॅट तीच. फक्त जमिनीतल्या दोन फरशा काढून घेतल्या आहेत. सुरुवातीपासून स्विंग ५८ टक्के ठेवल्यामुळे हा बदल जोडकाम वाटत नाही. हायहॅट आधीपासूनच गॅरेजची होती, फक्त किकने ती झाकून ठेवली होती. दोन शैली एकत्र आणण्याचा इतका सोपा आणि इतका खरा मार्ग अशा रेकॉर्डवर क्वचितच ऐकायला मिळतो.

आणि तो कापला कुठे, तर बी बाजूच्या आतल्या अर्ध्या भागात. बी-१नंतर केंद्रापासून सुमारे १०६ मिलिमीटरवर हा ट्रॅक सुरू होतो आणि ६४वर संपतो. शेवटी सुईखालून सेकंदाला २२३ मिलिमीटर सरकतात, ए बाजूच्या सुरुवातीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. इतक्या हळू सरकणाऱ्या खोबणीत ‘स’, ‘श’ आणि हायहॅट यांची वळणं एवढी दाट होतात की सुईचं टोक त्यांत नीट उतरत नाही. मग आवाजाला कागद फाटल्यासारखी किनार येते. तबकडीवरचं एकमेव पूर्ण गाणं नेमकं तिथे ठेवलंय. मास्टरिंग, म्हणजे कापण्याआधीची शेवटची आवाजजुळणी, करणाऱ्याने हे ओळखून वरचे स्वर मऊ केलेत आणि संपूर्ण बी बाजू ए बाजूपेक्षा सुमारे २ डेसिबल हळू ठेवली आहे. त्यामुळे फाटणं बरंच कमी झालं, पण चमकही गेली. शेवटच्या दीड मिनिटात गायिका दाराआडून गात असल्यासारखी वाटते.

उपाय हाताशी होता. बी-१मध्ये वरचे स्वर कमी आणि गाणं जवळपास नाहीच. तो आत आणि बी-२ बाहेर ठेवला असता तर दोघांचंही भलं झालं असतं. गाणं असलेला ट्रॅक बाहेर, डब आत, हा कापणीतला जुना संकेत आहे आणि त्यामागचं कारण हेच आहे. इथे तो का मोडला हे कळत नाही, आणि याचं वाईट वाटतं.

घरी ऐकणाऱ्यांना यावर थोडा इलाज करता येतो. गोल टोकाच्या डीजे सुईऐवजी लंबगोल टोकाची सुई लावा. तिच्या कडा अरुंद असल्याने ती दाट वळणांत जास्त खोल जाते आणि ‘स’चं फाटणं लक्षणीय कमी होतं. काट्रिज (सुई धरणारा भाग) दांड्याच्या टोकाच्या हेडशेलमध्ये तिरकं बसलं नाही ना, हे प्रोट्रॅक्टरवर (कोन तपासायच्या पट्टीवर) तपासा. ते किंचित फिरलेलं असेल तर त्याची शिक्षा सर्वांत आधी आतल्या खोबणीत मिळते. सुईचा भार उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला ठेवा. फाटतंय म्हणून भार कमी करण्याची सवय उलटी पडते. हलकी सुई खोबणीत टेकून न राहता भिंतींवर आपटते, आणि झीज त्यानेच जास्त होते.

वाजवणाऱ्यांसाठी काही गोष्टी. ए बाजूची ६१ सेकंदांची सुरुवात निवांत मिसळायला पुरेशी आहे. बी-१ला फक्त १६ बार मिळतात, म्हणजे २९ सेकंद. तेवढ्यात लय जुळवून बेस बदलायचा तर तो आधीच्या रेकॉर्डशी हेडफोनमध्ये आधीच शंभर टक्के जुळलेला हवा. टू-स्टेप जुळवताना किक ऐकत बसू नका. ती हवी तिथे नसतेच, आणि कान फसतो. दुसऱ्या-चौथ्यावरची टाळी धरा. दोन टाळ्या एक झाल्या की पिच बरोबर आहे.

हाउसवरून बी-१वर जाताना दोन्ही काही वेळ एकत्र चालू ठेवणं फार छान लागतं, कारण जाणाऱ्या ट्रॅकची चौपट किक येणाऱ्याच्या रिकाम्या जागा भरते. पण दोन अडचणी येतात. दोन्हींचा बेस एकत्र चालू ठेवला तर सब गढूळ होतो, म्हणून येणाऱ्याचा बेस पूर्ण बंद ठेवून सोळाव्या बारनंतरच्या पहिल्या मात्रेवर अदलाबदल करा. दुसरी अडचण हायहॅटची. सरळ हायहॅट आणि २३ मिलिसेकंद मागे पडणारी हायहॅट एकत्र आली की प्रत्येक ठोका दुहेरी, चुरचुरीत ऐकू येतो. लय चुकली असं वाटून हात पिचकडे जातो आणि जुळलेलं बिघडतं. पिचला हात न लावता जाणाऱ्या ट्रॅकचे वरचे स्वर निम्म्याने खाली घ्या.

सुरांचा हिशेबही सांगायला हवा. टर्नटेबलवर वेग वाढवला की सूर चढतो, आणि साधारण ६ टक्क्यांना अर्धा स्वर पूर्ण चढतो. ए बाजू १२६ ते १२७च्या दरम्यान ठेवली तर ती ए मायनर आणि ई मायनरच्या रेकॉर्डशी जुळते. १३३-१३४ला नेली तर बी फ्लॅट मायनर. मधल्या १३०च्या आसपास मात्र ती दोन स्वरांच्या फटीत अडकते, आणि तिथे तिचा ऑर्गन कुठल्याच कॉर्डवर नीट बसत नाही. त्या वेगाला मिसळायचं असेल तर तिच्या पहिल्या ६१ सेकंदांतच मिसळा, जिथे सूर नाहीच.

छपाईबद्दल. तबकडी साधारण १५० ग्रॅमची आहे आणि तेवढी पुरे. १८० ग्रॅमने आवाज सुधारतो हा गैरसमज आहे. आवाज कापणीवर आणि साच्यावर ठरतो, जाडीमुळे फार तर तबकडी सपाट राहायला मदत होते. पृष्ठभाग शांत आहे, पण आतलं पाकीट साधं कागदी असल्याने नवी तबकडी काढतानाच स्थिर विजेने कागदाचे कण ओढून घेते. पहिल्यांदा वाजवण्याआधी डिस्टिल्ड पाणी आणि साबणाचा एखादा थेंब घेऊन खोबणीच्या दिशेने मऊ ब्रशने धुवा, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळा, लेबल ओलं होऊ देऊ नका आणि उभी वाळवा. नंतर प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पाकिटात ठेवा.

विकत घेताना मधलं भोक मधोमध आहे का हे तपासा. तबकडी फिरत असताना सुईचा दांडा वरून पाहा. तो प्रत्येक फेरीला डावीकडे-उजवीकडे झुलत असेल तर भोक सरकलेलं आहे. केंद्रापासून १०० मिलिमीटरवर अर्ध्या मिलिमीटरचा सरकाव सूर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा टक्का हलवतो. तालावर ते कळत नाही, पण ए बाजूच्या ब्रेकडाउनमधली लांब स्ट्रिंग कॉर्ड लगेच चाडी सांगते. ४५च्या वेगाला दर १.३३ सेकंदाला ती लाटेसारखी वर-खाली होते. अशी प्रत परत करून बदलून घ्या, घरी तिच्यावर काही उपाय नाही.

बी बाजूच्या अगदी शेवटी आणखी एक गोष्ट आहे आणि ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटेल. बी-२ संपल्यावर सुई न उचलता जाऊ द्या. आत एक बंद खोबण आहे, जी स्वतःतच फिरत राहते. ३३⅓च्या वेगाला एक फेरी १.८ सेकंदांची असते, आणि तेवढ्या वेळात चार मात्रा बसवल्या की लय येते १३३.३ बीपीएम. इथे तेच केलंय: किक, टाळी आणि उशिरा पडणारी हायहॅट यांचा एक बार, कधीही न संपणारा. पिच ४ टक्क्यांनी खाली घेतला की १२८, पावणेदोन टक्क्यांनी घेतला की १३१. दोन टर्नटेबलच्या मधे हा बार चालू ठेवून त्याच्यावर पुढचा रेकॉर्ड जुळवता येतो. सांधा इतका स्वच्छ आहे की टिचकी येत नाही. फक्त दांडा आपोआप उचलणारं टर्नटेबल इथे चालणार नाही, ते शेवटाला पोचताच सुई उचलून घेतं. आणि सुई एकाच वर्तुळावर फिरत असल्याने ही खोबण बाकी रेकॉर्डच्या कितीतरी आधी झिजेल, म्हणून काम झालं की लगेच उचला.